जोडनाव (ग्रामनामांतील समास)

सांगली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव कवठे महांकाळ, त्याच जिल्ह्यातील कवठे एकंद व कवठे पिरान, पुणे जिल्ह्यातील कवठे यमाई. एकच नाव अनेक गावांना लागले, तेव्हा ओळख पटावी म्हणून दैवताचे, पिराचे वा आणखी कशाचे नाव त्याला जोडले गेले. ‘महांकाळाचे कवठे’ असा षष्ठी तत्पुरुषाचा विग्रह करण्याची शाळेतली रीत सोयीची खरी, पण तिच्याने ही घडण उलगडत नाही. तो विग्रह आटला असता तर ‘महांकाळकवठे’ झाले असते. याच तालुक्यातील लांडगेवाडीत विशेषक आधी आहे, जर्मन ‘क्योनिग्सबेर्ग’मध्येही राजा आधी आणि डोंगर नंतर. तिथला ‘स’ हा षष्ठीचाच प्रत्यय. मूळ शब्दांचे समास आणि असे प्रत्ययासह गोठलेले समास यांत याकोब ग्रिमने 1826 मध्ये भेद केला. कवठे महांकाळ या दोहोंत बसत नाही.

मग हा समास तरी कशावरून? लिहिताना मध्ये जागा सोडतात, हा आक्षेप दुबळा आहे. शब्दाची एकी लेखणीने नव्हे, प्रत्ययाने ठरते. नुसत्या गावाला ‘कवठ्याला’ जातात, पण जोडनावात ‘कवठे’ जसेच्या तसे राहते. देवाला नमस्कार करताना ‘महांकाळाला’ म्हणतात, गावाला जाताना मात्र ‘कवठे महांकाळला’, जसे नागपूरला. म्हणजे प्रत्यय दैवताला लागत नाही, अखंड गावनावाला लागतो. जर्मनमध्ये ‘फ्रांकफुर्ट आम माइन’ हे शब्दयोगी अव्यय राखून पदबंधच राहिले. मराठीने तेवढाही दुवा ठेवला नाही.

क्रम उलटा का, याचे श्रेय फारसी दप्तराला देता येईल, कारण बुद्रुक आणि खुर्द नावामागूनच येतात. या वळणाने सवय पक्की झाली असेल, हे मान्य करावे. मात्र उलटा क्रम परकाच असतो असे नाही: ‘राजदन्त’ (म्हणजे दातांचा राजा) यासारख्या शब्दांसाठी पाणिनीला वेगळे सूत्र (2.2.31) करावे लागले. माझ्या मते कारण अधिक साधे आहे. ‘वाडी’ हे सामान्यनाम, त्याला नाव मिळण्यासाठी आधी विशेषक हवा. ‘कवठे’ हे नाव आधीच पुरे होते, ओळख मागाहून आली आणि मागेच बसली. नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत या नावात हे दोन्ही थर एकत्र दिसतात: गावापुढे पिंपळ, आणि सिद्ध झालेल्या पिंपळगावामागे बसवंत.