त्रिरश्मी लेण्यातील एक वाक्य

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. परंतु दहाव्या लेण्यातील, वर्ष ४२ चा प्राकृत लेख दाता कोण व स्वामी कोण हे स्वतःच सांगतो. त्याची रचना आपण पाहू.

'उषवदातेन' ही तृतीया. नहपान क्षत्रपाचा हा जावई दाता होय. 'चतु' व 'दिसा' यांपासून 'चातुदिस' हे विशेषण साधले आहे. 'संघस चातुदिसस' ही रूपाने षष्ठी, अर्थाने चतुर्थी. पालीतही असेच घडते. 'इमं लेणं नियातितं' येथील कृदन्त दात्याशी नव्हे, नपुंसकलिंगी 'लेणं' या पदाशी जुळते. 'उषवदाताने हे लेणे दिले' या मराठी वाक्यातही हीच कर्मणि रचना आहे.

लेणे चारी दिशांच्या भिक्षुसंघाचे, हे ठरविण्यास आम्हांस दंतकथेची गरज नाही; विभक्ती पुरेशी आहे.