धरणीकंपाची वही



मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला, सरकारी वेधशाळा आहे. ती 1826 साली उभी राहिली ती आकाशातल्या ताऱ्यांसाठी आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. 1841 पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आणि हवामानाच्या नोंदी सुरू झाल्या. एल्फिन्स्टनमधले प्रोफेसर ऑर्लेबार तेव्हा प्रमुख होते, आणि त्यांच्या हाताखाली काम करीत होता मिसरूडही न फुटलेला एक मराठी मुलगा. तोच पुढे गणिती केरूनाना छत्रे म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाला. रात्रंदिवस आकडे वाचायचे, लिहायचे, पुन्हा वाचायचे! वाटते तितके सोपे नव्हे ते.

12 जून 1897 रोजी आसामात फार मोठा धरणीकंप झाला. त्या हादऱ्याने सरकारला जाग आली म्हणा ना. 1898-99 च्या सुमारास कलकत्ता, मुंबई आणि कोडाईकनाल इथे मिल्न साहेबांचे भूकंपमापक यंत्र बसले. यंत्र म्हणजे काय, तर एक आडवा लंबक. जमीन हलली की सारे यंत्र हलते, पण लंबक आपल्या जडपणामुळे मागे राहतो. त्या फरकाची खूण प्रकाशाच्या तिरिपीने सरकत्या फोटोच्या कागदावर उमटते. कुलाब्याचे प्रमुख त्या वेळी नानाभाई मूस होते. 1896 साली त्या जागेवर आलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. मुंबईत विजेच्या ट्रामी येणार, त्यांनी चुंबकाच्या नोंदी बिघडणार, म्हणून चुंबकीय वेधशाळा 1904 साली अलिबागला नेली, ती याच मूस यांच्या कारकिर्दीत. (अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात. म्हणजे एका कुलाब्याहून दुसऱ्या कुलाब्याला!)

आता तुम्ही म्हणाल, कागदावर रेघ उमटली, मग झाले काम! नाही. रेघेच्या शेजारी वेळ हवी, आणि ती कोणत्या घड्याळाची, हेही हवे. गिरगावातल्या जुन्या मंडळींना विचारा, ती 'मुंबई टाइम'ची गोष्ट सांगतील. मुंबईचे घड्याळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे चाले, रेल्वेची मद्रास वेळ 5 तास 21 मिनिटे पुढे, आणि 1 जानेवारी 1906 पासून आली ती हिंदी प्रमाणवेळ, 5 तास 30 मिनिटे पुढे. मुंबईकरांनी ती सुखासुखी पत्करली नाही. जुनी वेळ शहरात 1955 पर्यंत रेंगाळली. 4 एप्रिल 1905 चा कांगड्याचा भूकंप घ्या. ग्रिनिचला मध्यरात्रीनंतर सुमारे 50 मिनिटे झाली होती. त्याच क्षणी मुंबईचे घड्याळ पहाटेचे सुमारे पावणेसहा दाखवीत होते, तर मद्रासचे सहा वाजून गेल्याचे. क्षण एकच, पण तीन वह्यांत तीन वेळा.

आज कागद गेला. यंत्र दर सेकंदाला शंभर वेळा जमिनीची हालचाल मोजते आणि आकडा लिहिते. दिवसाचे सेकंद 86,400, म्हणजे आकडे झाले 86,40,000. तेही एकाच दिशेचे. वर-खाली, उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम अशा तीन दिशा धरल्या की तिप्पट. हे सारे साठवण्यासाठी जगभरच्या शास्त्रज्ञांनी वहीची एक ठराविक आखणी मान्य केली आहे. तिचे नाव मिनीसीड. तिच्या जुन्या, फार प्रचारात असलेल्या आवृत्तीत प्रत्येक पानाच्या डोक्यावर 48 बाइटांची पट्टी असते: ठाणे कोणते, दिशा कोणती, पहिला आकडा कधीचा. खाली आकडे, पण दाटून भरलेले. दूधवाल्याच्या रतीबाच्या वहीत रोजचे शेर लिहीत नाहीत, फक्त खाडे नि जादा दूध लिहितात ना? तसेच इथे. पहिला आकडा पुरा, पुढे मागच्याहून किती कमी-जास्त, एवढेच.

आणखी एक गंमत आहे, वर्गात मुलांना जरूर सांगा. आपण तोंडाने 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे पाच आधी, वीस मागून. लिहिताना मात्र दोन आधी, पाच मागून. संगणकांतही असेच दोन पंथ आहेत: काही यंत्रे मोठे स्थान आधी लिहितात, काही लहान स्थान आधी. कोणी कोणत्या टोकाने लिहिले हे न पाहता वाचले, तर पंचवीसचे बावन्न होतात, आणि शांत जमिनीवर प्रलय दिसू लागतो!

ही उस्तवार प्रत्येकाने नव्याने करायची म्हटले तर आयुष्य पुरायचे नाही. म्हणून लायब्ररी. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी पुस्तकांची नव्हे हो. ही असते तयार आज्ञावल्यांची. कोणीतरी एकदा नीट लिहून ठेवायच्या, बाकीच्यांनी वापरायच्या. जर्मनीतील म्युनिक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 साली ऑब्स्पाय नावाची अशी लायब्ररी पुढे मांडली. ती पायथॉन भाषेत आहे आणि कोणालाही फुकट मिळते. फाइलचे नाव देऊन 'वाच' म्हटले की ती आखणी ओळखते, टोक कोणते ते पाहते, खाडे उलगडते आणि आकडे व डोक्यावरची पट्टी वेगवेगळी हातात देते. मग हवा तेवढा काळ कापून घ्यावा, आगगाड्यांची नि रहदारीची थरथर गाळावी, आणि 'लिही' म्हणून नवी फाइल करावी. इथे एक चूक नवशिक्याकडून हटकून होते, माझ्याकडूनही झाली आहे. नुसते आकडे उचलून नव्या फाइलीत घातले आणि पट्टी भरायची राहिली. लायब्ररी तक्रार करीत नाही. ती आपल्या पदरची तारीख घालते, 1 जानेवारी 1970. फाइल उघडते, रेघ सुरेख दिसते, आणि भूकंप भलत्याच वर्षी होऊन बसतो.

आता कोयनेकडे या. शिवाजीसागर 1962 पासून भरू लागला आणि आसपास बारीक धक्के जाणवू लागले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा धक्का आला. कोयनानगर कोसळले, दीडशेहून अधिक माणसे दगावली. मुंबईतही लोक खडबडून जागे झाले. धरणातल्या यंत्राने त्या वेळी जी नोंद केली, तीत जमिनीचा झटका गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांशाहूनही मोठा होता. ती नोंद पुढे आकड्यांत उतरवली गेली, आणि धरणे बांधणारे इंजिनियर देशोदेशी आजही तिच्यावर आपली गणिते तपासून पाहतात. आपल्या पाटणच्या मातीची ती थरथर!

पण एखाद्या शिक्षकाने जगाच्या भूकंपसूचीत 11 डिसेंबरचे पान उघडले, तर हा धक्का त्याला सापडायचा नाही. आई-वडिलांकडून तर हीच तारीख ऐकलेली, मग सूची खोटी की माणसे? कोणीच खोटे नाही. सूचीत आणि फाइलीत वेळ जागतिक असते, तिथे लिहिले आहे 10 डिसेंबर, 22 वाजून 51 मिनिटे. त्यात साडेपाच तास मिळवा. किल्लारीचेही तसेच: आपल्याकडे 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, चाराला चार-पाच मिनिटे कमी, फाइलीत 29 सप्टेंबर, 22 वाजून 25 मिनिटे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते, ती रात्र. तुमच्या शाळेत संगणक असेल तर ही दोन्ही पाने मुलांकडून काढून घ्या, आणि बेरीज मात्र फळ्यावर करू द्या.