जीप, शिबिर आणि सरपंचाची खुर्ची

जानेवारी १९७६. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, नुकतीच झाली आहे. भालकीजवळच्या गावातून निघून तुम्ही लातूर गाठलंत आणि तिथून बार्शी लाईटच्या छोट्या गाडीनं बार्शीत उतरलात. तुरीचा हंगाम आहे, अडतीवर हमाली मिळेल या आशेनं. वय अठ्ठावीस, घरी दोन लेकी.

बाजाराच्या तोंडाशी नगरपालिकेचा ट्रक उभा आहे. दोघं जण तुमचं बखोट धरतात. "कुठला रे तू?" "भालकीचा, बिदर जिल्हा." "लेकरं किती?" तुम्ही सांगता, पण ते ऐकायला कुणी थांबत नाही. ट्रकमध्ये एक म्हातारा आहे, आणि मिसरूड न फुटलेला एक पोरगा रडतोय.

तुम्हाला ठाऊक नाही, पण बार्शीनं दहा दिवसांत हजार नसबंद्यांचं उद्दिष्ट घेतलंय. पहिले दोन दिवस कुणी फिरकलं नाही, म्हणून हे ट्रक निघाले. आणीबाणी आहे, वरून आकडा येतो आणि खाली माणसं धरली जातात. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक सगळ्यांना 'केस' द्यायच्या आहेत. तुम्ही त्यातली एक केस. टेबलावर सुई टोचतात, थोड्या वेळानं टाके पडतात, आणि तुम्ही पाय फाकवत बाहेर येता. हमाली आता कसली?

घरी बायकोला सांगायला तुम्हाला आठवडा लागतो. त्या वर्षभरात गावाकडे जीपचा आवाज आला की गडीमाणसं तुरीत जाऊन बसतात. महाराष्ट्राचं विधिमंडळ तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर करतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते अमलात येत नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यातल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. मार्च १९७७ मध्ये लोकांनी सरकार पाडलं. पुढं कुठल्याही सरकारला पुरुषांना हात लावायची हिंमत झाली नाही. नसबंदीची शिबिरं मात्र बंद पडली नाहीत. मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे: सक्ती थांबली तेव्हा ओझं बायकांच्या अंगावर टाकलं गेलं, आणि त्याबद्दल ना मोर्चा निघाला, ना सरकार पडलं.

आता तुम्ही त्याच गावातली सून आहात. साल १९८८. तिसरं बाळंतपण होऊन गेलंय आणि सासू म्हणते, "बिनटाक्याचं करून घे, संध्याकाळी घरी." शिबिरात सतरंजीवर बायका ओळीनं निजवल्यात. कुणाचं बाळ कुणाच्या मांडीवर, ते कळत नाही. नवरा बाहेर झाडाखाली बिडी ओढतोय. त्याला कुणी काहीच विचारलेलं नाही. आठ दिवसांत तुम्ही खुरपं घेऊन रानात.

तुमची नणंद देवणीला दिलेली. १९५६ पर्यंत उदगीरचा तो मुलूखही बिदर जिल्ह्यातच होता. मग दोन राज्यांमध्ये रेघ पडली, सोयरिकी तशाच राहिल्या. २००७ साली तिच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव निघतं. बाई शिकलेली, बोलकी, पाण्याच्या टाकीसाठी तहसील गाजवलेली. पण दोन मुलींवर मुलगा हवा म्हणून घरच्यांनी २००३ मध्ये तिसरं होऊ दिलं. महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. अर्ज बाद. कर्नाटकात पंचायतीला असा नियम नाही. तुमच्या गावात चार लेकरांचा बाप खुशाल निवडून येतो. मूल किती, हे जिच्या हातात कधी नव्हतंच, तिचीच खुर्ची गेली. लोकसंख्या कमी करायची ही कुठली रीत?

२०२१. आता तुम्ही नात आहात, बिदरच्या दवाखान्यात, दुसरी खेप. कर्नाटकात आता बाईमागे सरासरी १.७ मुलं आहेत, म्हणजे दोनाच्याही खाली. तरी राज्यातल्या दर शंभर विवाहित बायकांत सत्तावन्न जणींचं ऑपरेशन झालेलं, आणि नसबंदी केलेला नवरा शंभरात एकही नाही. सिस्टर फॉर्म पुढं करते, "करून घेणार ना?"

"ह्यांचं करा की. दहा-पंधरा मिनिटांचं, टाकेसुद्धा नसतेत म्हणं."

सासू दचकते. "गड्याचं? कमाई कोण करील?"

"मीबी कमावतेच की, आत्या," तुम्ही म्हणता, आणि फॉर्म नवऱ्याच्या हातात देता. "आधी तुम्ही वाचा. मग बोलू."