आधी दाटवा, मग शुद्ध करा

कोपरगावच्या साखर कारखान्यांत साखरेचे स्फटिक काढून घेतले की मळी उरते आणि रसातले क्षार तिच्यात दाटतात. भरपूर असलेले काढले की विरळ असलेले दाट होते. ई जीवनसत्त्वाचा इतिहास याच तत्त्वाचा आहे.

१९२२ मध्ये इव्हान्स आणि बिशप यांना दिसले, की एका अज्ञात घटकाच्या अभावी उंदराच्या मादीच्या पोटातले गर्भ जगत नाहीत. तो घटक शुद्ध रूपात मिळायला १९३६ साल उजाडले. इव्हान्स व दोघा इमर्सननी गव्हाच्या अंकुराच्या तेलाचा साबण केला, साबण न होणारा अल्पांश घेतला, त्यातले स्टेरॉल काढले आणि मगच टोकोफेरॉल वेगळे केले.

सोयाबीनच्या हजार किलो तेलात टोकोफेरॉल जेमतेम एक किलो. पण तेलाचा वास घालवताना निर्वातात वाफ सोडतात, तेव्हा वाफेबरोबर निघणाऱ्या उपपदार्थात ते अनेक पटींनी दाटलेले असते. सोबतच्या मेदाम्लांचे मेथॅनॉलने एस्टर करून ते ऊर्ध्वपातनाने काढतात. स्टेरॉल थंडाव्याने स्फटिक होऊन गाळले जातात. शुद्धीकरण त्यानंतर.

म्हणून ‘टाकाऊ’ हा शब्द वर्गात वापरण्यापूर्वी आपण विचारावे: यात काय दाटले आहे?