बोगनवेलीमागच्या दोघीजणी

मैत्रिणींनो, आपल्या फाटकावर भर उन्हात फुलणारी बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. १७६७ साली एक फ्रेंच मोहीम रिओ दि जानेरोला थांबली, तेव्हा वनस्पतितज्ज्ञ कॉमरसाँ यांनी ती गोळा केली. झान बारे ही त्यांची मदतनीस. जहाजावर बायकांना बंदी, म्हणून ती पुरुषाच्या वेशात वावरत होती. वेलीला नाव मात्र मिळाले मोहिमेचे प्रमुख बूगाँव्हिल यांचे.

पुढे १९१० च्या सुमारास कोलंबियातल्या कार्ताहेना इथे मिसेस बट यांना किरमिजी रंगाची वेगळीच वेल दिसली. ती त्यांनी त्रिनिदादला नेली. तो दोन जातींचा आपोआप झालेला संकर होता. १९४४ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले ‘बटियाना’. या वेळी नाव बाईचेच लागले!

अशा संकरित वेलीला सहसा बी धरत नाही. कुणीतरी फांदी कापून दुसरीकडे लावली, तरच ती पुढे जाते. म्हणून पावसाळ्यात छाटलेल्या फांद्या टाकून देऊ नका. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी ओल्या रेतीत, सावलीला खोचा. रुजली की शेजारणीला द्या, आणि देताना या दोघींची गोष्टही सांगा.