लायडनच्या बरणीपासून किटमधल्या ‘१०४’पर्यंत

किटच्या पिशवीतून निघालेल्या चपट्या कपॅसिटरवर नुसते ‘१०४’ छापलेले असते. त्यापुढे एककही नसते. हा आकडा असा का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१७४५ मध्ये पोमेरेनियात फॉन क्लाइस्ट आणि त्यानंतर लगेच नेदरलंड्समधील लायडन येथे मुसेनब्रुक, हे दोघे स्वतंत्रपणे काचेच्या भांड्यातील द्रवात वीज साठवू पाहत होते. भांडे विद्युतरोधकावर ठेवावे, अशी तेव्हाची समजूत होती. लायडनमध्ये कुनेउस नावाच्या वकिलाने ते सरळ हातात धरले. दुसऱ्या हाताने तारेला स्पर्श करताच त्याला जबरदस्त धक्का बसला. मुसेनब्रुकने तो अनुभव स्वतः घेतला आणि १७४६ च्या जानेवारीत पॅरिसच्या रेओम्यूरला कळवले, की हा प्रयोग कोणी करू नये. (अर्थात सगळ्यांनी केला. नोलेने तर पंधराव्या लुईसमोर १८० शिपायांची साखळी करून त्यातून धक्का सोडला.)

असे का झाले? पाणी ही एक पट्टी, काच हा मधला थर आणि तळहात ही दुसरी पट्टी. पहिल्या कपॅसिटरचा एक भाग प्रयोग करणारा माणूसच होता!

व्होल्टाने १७८२ मध्ये या प्रकारच्या साधनाला ‘कंडेन्सर’ म्हटले. पंख्याच्या दुकानात आजही तोच शब्द चालतो. १८८१ च्या पॅरिस परिषदेने धारितेसाठी ‘फॅरड’ हे एकक मान्य केले. ते फारच मोठे निघाले. लायडनची बरणी सुमारे एक नॅनोफॅरडची, म्हणजे फॅरडच्या अब्जांश भागाएवढी. म्हणून छोट्या कपॅसिटरवरचा आकडा पिकोफॅरडमध्ये वाचतात : १० आणि त्यापुढे ४ शून्ये, म्हणजे १,००,००० पिकोफॅरड, अर्थात ०.१ मायक्रोफॅरड.

डब्यासारख्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवरचा पट्टा ऋण टोक दाखवतो. टँटलमवरचा पट्टा मात्र धन टोक. इथे पुष्कळजण फसतात. उलटा जोडलेला कपॅसिटर तापतो, फुटूही शकतो.

कुनेउसचा धक्का अजूनही संपलेला नाही. २३० व्होल्टच्या मेन्सवरून थेट दिष्टीकरण करणाऱ्या पुरवठ्यात कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही राहू शकतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. प्लग काढून, टोकांना बोट न लावता, १० किलोओहमचा ५ वॅटचा रोधक विद्युतरोधी पकडीने जोडा. १०० मायक्रोफॅरडला कालस्थिरांक १ सेकंद येतो. निदान पाच सेकंद थांबा, मग मल्टिमीटरने खात्री करा.

इंडक्टरची गोष्ट निराळी. फॅरडेने १८३१ मध्ये लोखंडी कड्यावर दोन कुंडले गुंडाळून प्रवर्तन दाखवले. अमेरिकेत जोसेफ हेन्रीच्या लक्षात आले, की लांब कुंडलातला प्रवाह तोडताना मोठी ठिणगी पडते. १८९३ च्या शिकागो परिषदेने एककाला त्याचेच नाव दिले. किटमधला छोटा इंडक्टर रंगीत पट्ट्यांमुळे हुबेहूब रोधकासारखा दिसतो. मल्टिमीटर लावा : रंगांवरून हजारो ओहम अपेक्षित असताना काही ओहमच दिसले, तर तो बहुधा इंडक्टर आहे आणि पट्ट्या मायक्रोहेन्रीत वाचायच्या. कपॅसिटर वीज बंद झाल्यावर धोका देतो, तर इंडक्टर बंद होण्याच्या क्षणी. म्हणूनच रिलेच्या कॉइलला समांतर एक उलटा डायोड जोडलेला असतो. तो ‘जास्तीचा’ म्हणून गाळाल, तर हेन्रीची ती ठिणगी तुमच्या ट्रान्झिस्टरवर येईल.