तापल्यावर बोलणारं मशीन

मोडनिंबात कोणाकडे लग्न आहे, हे पत्रिकेवरून कधीच कळत नसे. पत्रिका वाटायची राहून जाई, कर्णा बांधायचा मात्र राहत नसे. मांडवासमोरच्या लिंबावर एकदा कर्णा चढला, की पुणे-सोलापूर रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकवाल्यालासुद्धा आमंत्रण पोचे. कर्ण्याला सगळे ओळखत. पण वायरीच्या दुसऱ्या टोकाला, मांडवाच्या कोपऱ्यात, लोखंडी पेटीत बसलेल्या खऱ्या गवयाकडे कोणी बघत नसे. गावात मशिनं तीन. एक पिठाचं, एक शिवणाचं आणि तिसरं हे. पहिल्या दोघांना आडनाव होतं, हे नुसतंच 'मशीन'. कागदोपत्री नाव व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर.

या मशीनचं घराणं मोठं आहे. १८८३ साली एडिसनला दिव्याच्या फुग्यात एक गंमत दिसली. तापलेल्या तारेपासून लांब ठेवलेल्या पत्र्याकडे, मध्ये काही नसताना, वीज वाहत होती. त्यानं पेटंटचा अर्ज केला आणि पुढच्या कामाला लागला. १९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंगनं त्यातून विजेचा एकमार्गी दरवाजा केला, म्हणून 'व्हॉल्व्ह'. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टनं त्या दरवाजात बारीक तारेची जाळी बसवली, आणि त्यातूनच पुढं कुजबुजीची गर्जना करायची सोय झाली. तिचा पुरेपूर लाभ मानवजातीत कोणी घेतला असेल, तर तो वरपक्षानं.

मी वाणिज्य शाखेचा. पण बँकेतल्या माणसाला हे प्रकरण समजायला अडचण पडत नाही. अ‍ॅम्प्लिफायर आवाज मोठा करतो असं लोक म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. माईकमधून आलेला आवाज दुबळाच राहतो, तो फक्त सही करतो. तापलेल्या कॅथोडकडून प्लेटकडे जोरदार प्रवाह निघालेला असतो. मध्ये जाळी. आवाज त्या जाळीवर जाऊन बसतो आणि हुकूम देतो, "आता सोडा, आता आवरा." त्याच्या स्वतःच्या खिशातून जवळजवळ काही जात नाही. आमचे साहेबही दोन अक्षरांची सही करून लाखांचं कर्ज सोडतात. लाख काही त्यांचे नसतात! आलटून पालटून येणारी वीज एका दिशेला लावणारा रेक्टिफायर म्हणजे कॅशियर, आणि ती साठवून एकसारखी पुरवणारा फिल्टर कंडेन्सर म्हणजे राखीव निधी. निधी आटला की बँक कुरकुरते, मशीन घुमतं.

आपल्याकडे कर्णा आधी सभेत आला, मग लग्नात. गांधी-नेहरूंच्या जुन्या फोटोंत माईकवर 'शिकागो रेडिओ' अशी पाटी दिसते. त्यावरून महात्माजींनी शिकागो गाजवल्याचं आमच्या शाखेतल्या एका विद्वानानं ठरवून टाकलं होतं. कंपनी मुंबईच्या मोटवाने मंडळींची. काँग्रेसच्या सभांना कर्णे त्यांनी पुरवले, आणि १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर नानिक मोटवानेही आरोपी होते. पुढं ते सुटले. दिल्लीत १९४० साली अहुजा कंपनी निघाली आणि तिच्या मशिनांनी खेडोपाडी बस्तान बसवलं. १९५४ साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं साठच्या दशकात बंगळुरूला व्हॉल्व्ह बनवायला घेतले, तेव्हा कर्ण्याचा कंठही स्वदेशी झाला.

मोडनिंबात हे मशीन मंडपवाल्या आबांकडे होतं. गाव संगीत बारीचं. इथले कान ढोलकी आणि पेटीवर पिकलेले, त्यामुळं फाटक्या आवाजाला इथं माफी नव्हती. मशीन सुरू करणं हा आबांचा विधीच होता. आधी कर्ण्याची वायर जोडायची, मग बटण. उलट केलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळायची भीती. आबा म्हणत, "बिनकर्ण्याचं मशीन म्हंजे सभेविना पुढारी. आतल्या आत जळतंय." बटण दाबल्यावर काहीच होत नसे. अर्धा मिनिट, कधी मिनिटभर सगळं गाव काचेतली तार लाल होण्याची वाट बघे. तापल्याशिवाय न बोलणारं यंत्र मी ते एकच पाहिलं. माणसांत या गुणाचे पुष्कळ आहेत.

आणि बिघडलं, की ते आजार लपवत नसे. पेटीच्या जाळीतून आबा डोकावत. एखादा व्हॉल्व्ह विझलेला दिसला, की तो बदलायचा. माथ्याचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. काचेवरची निळसर झाक चालेल, पण प्लेट लालबुंद झाली, तर पंगतीत कोणीही असो, बटण आधी बंद. खरखर आली तर पिना घासायच्या. पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारल्यावर कर्ण्यातून 'टण्' आलं, की त्या व्हॉल्व्हची कुरकुर समजायची. झाकण काढायचं ते वायर उपसून, आणि तेही कंडेन्सर रेझिस्टरनं रिकामा केल्यावर, कारण आतले तीन-चारशे व्होल्ट बंद मशीनमध्येही दबा धरून असतात. आबा एक हात नेहमी पाठीमागे ठेवत. एका हातातून शिरलेला करंट छातीतून दुसऱ्या हातात जाऊ नये म्हणून. गावाला तो रुबाब वाटे.

१९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला होता. मोडनिंबला यायला त्यानं सवड काढली, पण आला तो राहिलाच. हलका, थंड आणि बटण दाबताच बोलणारा. मशीन माळ्यावर गेलं. मग भिंतीएवढे डीजे आले. त्यात काय बिघडतं ते दिसत नाही, बदलून आणतात.

गेल्या वर्षी आबांच्या घरी माळा साफ करायचं निघालं. ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्यावर डोळा ठेवून भंगारवाल्यानं वजनावर भाव सांगितला. मुलं तयार होती. आबा ऐंशीच्या पुढचे, नजर अधू. एवढंच म्हणाले, "विका. पर एकदा वाजवून विका."

वीस वर्षं झोपलेल्याला एकदम उठवायचं नसतं. सिरीजच्या बोर्डावर शंभराचा दिवा लावून आबांनी त्यातून मशीनला वीज दिली. दिवा भक्कन पेटला. तसाच राहता, तर आत शॉर्ट होता. पण तो हळूहळू मंदावला. पुऱ्या विजेवर घूं घूं सुरू झाली. आबांनी नुसतं ऐकून राखीव निधी बुडाल्याचं सांगितलं, आणि नातवानं त्यांच्या बोटाच्या इशाऱ्यावर नवा कंडेन्सर डागला. एक व्हॉल्व्ह मात्र मेलेलाच होता. तसले आता रशियात आणि स्लोव्हाकियात होतात, त्यातला एक पुण्याहून आणवला. तारा लाल झाल्या. नातू इंजिनिअरिंगचा. बराच वेळ आत बघून त्यानं विचारलं, "आबा, ह्याच्यात प्रोसेसर कुठाय?"

"मी हाय की," आबा म्हणाले.

भंगारवाला परत गेला. पण मला प्रश्न पडला, तो तांब्याचा नव्हता. नवा व्हॉल्व्ह स्लोव्हाकियाहून येतो, हा प्रोसेसर कुठून मागवायचा? हल्ली रविवारी नातू वही घेऊन आबांजवळ बसतो. घुमलं तर काय, खरखरलं तर काय, सगळं उतरवून घेतो. त्यानं मला मशीनची किंमत विचारली, तेव्हा मी हिशेब मांडला. घसारा सरळ रेषेनं काढला, तर मशीन कधीच शून्यावर गेलंय. घटत्या शिल्लक पद्धतीनं काढला, तर दरसाल थोडं कमी होतं, पण शून्य कधीच होत नाही.

मी दुसरी पद्धत धरली. ऑडिटरला काय म्हणायचं ते म्हणू दे.